दाराबाहेरचं स्टूल

“...ते सगळं ऐकलं मी. पण ठेवलंस काय?”

मगदूम सरांनी हे विचारलं तेव्हा डॉ. निनाद केळशीकर काय काय काढलं याची यादी सांगत होता. गर्भाशय. त्याच्या दोन्ही बाजूंचा पदर. रक्तवाहिन्यांलगतच्या लिम्फच्या छत्तीस गाठी. समोर ट्रेमध्ये सगळं नीट मांडून ठेवलं होतं.

“ठेवलं म्हणजे, सर?”

“बाईंच्या पोटात शिल्लक काय ठेवलंस?”

केळशीकर हसला.

“सर, कॅन्सरचं ऑपरेशन आहे. यात काढायचं असतं.”

सरांनी हातमोजे उतरवले आणि ते चहाला निघून गेले.

हे मी टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून ऐकलं. मी भूलतज्ज्ञ. पेशंटला झोप लागली की सर्जन मंडळी आम्हालाही झोपलेलं धरून चालतात आणि मनात येईल ते बोलतात. सतरा वर्षं मी त्या युनिटमध्ये आहे, त्यामुळे माझ्याकडे ऐकीव माल बराच साठला आहे. त्यातला हा एक.

आमचं रुग्णालय सांगलीकडचं, धर्मादाय. बायकांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया शिकायला इथे दरवर्षी एक डॉक्टर येतो आणि दोन वर्षं राहतो. शिकवतात डॉ. बाहुबली मगदूम. वय चौसष्ट, बोलणं कमी, बोलले तर समोरच्याला दोन दिवस पुरतं.

केळशीकर पुण्याचा. सुवर्णपदक घेऊन आलेला. हात खरोखर सुंदर चालायचा, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

टेबलावर होत्या शेवंताबाई खोत. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, लवकर सापडलेला. कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या.

आता आमच्या युनिटची एक रीत सांगायला हवी.

या ऑपरेशननंतर मूत्राशय रुसतं. त्याला जागं करणाऱ्या नसा गर्भाशयाच्या बाजूच्या पदरातूनच जातात. पदर जितका लांबवर कापावा तितक्या त्या कापल्या जातात. म्हणून आठ-दहा दिवस लघवीची नळी ठेवायची. मग ती काढायची, बाईंना पाणी पाजायचं आणि वाट बघायची.

झाली, तर मोजायची. पुन्हा नळी घालून आत किती राहिली तेही मोजायचं. शंभर मिलिलिटरच्या आत उरली असेल तर बाई सुटली. नाहीतर परत नळी, परत पिशवी, परत आठवडा.

इतर ठिकाणी हे काम नर्स करतात. आमच्याकडे ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच करायचं. मोठा सर्जन असो नाहीतर शिकाऊ, बायकांच्या वॉर्डात बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचं. ही रीत मगदूम सरांनीच घातलेली. का घातली हे कोणी विचारलं नव्हतं.

केळशीकरला ती मुळीच पसंत नव्हती.

दहाव्या दिवशी त्याने सुवार्ता सिस्टरना नळी काढायला सांगितली आणि स्वतः लायब्ररीत जाऊन बसला. त्या ऑपरेशनचा व्हिडिओ परिषदेसाठी तयार करायचा होता.

दुपारी जेवताना सरांनी विचारलं, “शेवंताबाईंना किती झाली?”

“सिस्टरना विचारून सांगतो.”

“मग ऑपरेशनलाही सिस्टरनाच पाठवायचं होतंस.”

आम्ही सगळे ताटात बघू लागलो. केळशीकरचे कान लाल झाले.

झाली नव्हतीच. एक थेंबही नाही. परत नळी घातली तेव्हा साडेसहाशे निघाली.

“त्यांची नळी निघेपर्यंत तू थिएटरमध्ये यायचं नाहीस,” सर म्हणाले.

“सर, उद्या अंडाशयाची मोठी केस आहे...”

“आधीचं ऑपरेशन पुरं कर.”

“ते तर झालं की. गेल्याच्या गेल्या मंगळवारी.”

सरांनी भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली.

त्याच आठवड्यात तपासणीचा अहवाल आला. काढलेल्या भागाच्या कडा साफ. गाठी साफ. किरणांच्या शेकाची गरज नाही. सरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “छान. फार छान.” ते मनापासून म्हणाले. केळशीकरला वाटलं, आता तरी बंदी उठेल. ती उठली नाही.

शेवंताबाईंना हा अहवाल मीच सांगितला. त्यांनी हात जोडले. मग पलंगाला टांगलेल्या पिशवीकडे बोट केलं.

“कॅन्सर गेला म्हनताय ते झ्याक झालं. पर जाताना ही पिशवी ठिवून गेला की वो.”

“निघेल ती, शेवंताबाई.”

“हेडमास्तरचा फोन आलता. संक्रांतीपतूर बदली बाई बघतो म्हनलं. पर नळी-पिशवी लावून चुलीपाशी नगं म्हनलं. पालक बोलत्यात.” त्या थांबल्या. “त्येंचं बी काय चुकलं? मी तरी पोरांच्या पानावर आसं वाढीन व्हय?”

घरी दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना त्या शाळेतल्या एकशे चाळीस पोरांशिवाय करमतही नव्हतं. नळी निघाली नाही तर दोन्ही जाणार होतं.

सतराव्या दिवशी केळशीकर आला. टाय लावून. स्टुलावर बसला, मापाचं भांडं आत दिलेलं, नजर घड्याळावर.

“मावशी, जोर करा.”

आतून काही नाही.

दोन मिनिटांनी, “मावशी, अजून थोडा जोर.”

“किती जोर करू वो डाक्टर? तुमी भाईर घड्याळ घिऊन बसलाय, आन ती आत आकसून बसलीया.”

चाळीस झाली. आत राहिली चारशे सत्तर.

नळी परत घालताना शेवंताबाई रडल्या. आवाज न करता, तोंडात पदर धरून. केळशीकरने ते पाहिलं. त्याच वेळी त्याचा खिशातला फोन वाजला. परिषदेत व्हिडिओला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याने तो फोन दोन वाक्यांत संपवला आणि तो बराच वेळ पलंगापाशीच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. मला वाटलं, बक्षीस दाखवायला आला असेल. पेढ्यांचं विचारणारही होते.

“मॅडम, हे बघा.”

पडद्यावर शेवंताबाईंचं पोट. उजवी बाजू. पदरावर एक बोट आडवं येऊन थांबलेलं. सरांचं. म्हणजे इथवरच. केळशीकरची कात्री त्या बोटाच्या अलीकडून गेली होती.

“आता डावी.”

डाव्या बाजूला बोट नव्हतं. तो क्षण मला आठवला. गाठींच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचा फोन आला होता. सिस्टरने रिसीव्हर सरांच्या कानाला लावला आणि सरांनी मान वळवली. मिनिटभर असेल.

त्या मिनिटात कात्री पुढे गेली. एक बोटभर.

“गरज नव्हती,” केळशीकर म्हणाला. “अहवालात आहे. तिथे काहीच नव्हतं. मला फक्त... उजवीपेक्षा जास्त स्वच्छ दाखवायचं होतं.”

त्याने व्हिडिओ बंद केला.

“टाळ्या इथेच पडल्या म्हणे, मॅडम.”

मला त्याची कीव आली. रागही आला. मी म्हटलं, “माझ्याकडे काय आलास? जा सरांकडे.”

आणि मीही मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, मला ऐकायचं होतं.

सर खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते.

“सर, डावीकडे मी एक बोट पुढे गेलो.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला... कधीपासून?”

“फोन ठेवला तेव्हापासून.”

“मग काही बोलला का नाहीत?”

“कापलेलं बोलून जोडतं का?” सरांनी पेपराची घडी घातली. “आणि मान मी वळवली होती. निम्मी चूक माझी आहे. ती मी शेवंताबाईंना त्याच संध्याकाळी सांगितली. तुझी निम्मी तू सांग.”



“त्या काय म्हणाल्या?”

“जेवलात का, म्हणाल्या.”

“सर, आता मी काय करू?”

“काही नाही.”

“औषध बदलू? विजेचा शेक देऊन बघू? दिल्लीत एक जण...”

“काही करू नकोस. उजवी बाजू शाबूत आहे. तिला उठायला वेळ दे.”

“काही न करणं मला जमत नाही, सर.”

“म्हणून तर दोन वर्षांचा कोर्स आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी पेपर परत उघडला.

केळशीकर वॉर्डात गेला. शेवंताबाईंना त्याने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, कारण सुवार्ता सिस्टरने पडदा ओढला आणि मला हटकलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा राजगिऱ्याचा लाडू होता.

त्यानंतरचा आठवडा तो रोज सकाळी त्यांच्या पलंगापाशी जायचा. पिशवी स्वतः रिकामी करायचा. शाळेत एकशे चाळीस पोरांना किती तांदूळ लागतो, हे त्याला त्या आठवड्यात कळलं.

चोविसाव्या दिवशी तिसरी खेप.

त्या दिवशी थिएटरमध्ये नऊ वाजता पहिली केस लागलेली. पेशंट आला, मी आले, सरांचा पत्ता नाही. साडेनऊ झाले. मी शोधत खाली वॉर्डात आले.

बाथरूमच्या दाराबाहेर दोन स्टुलं होती. एकावर केळशीकर. दुसऱ्यावर सर, थिएटरच्या हिरव्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून.

“सर, पेशंट वर वाट बघतोय.”

“इथेही एक पेशंट आहे.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

वॉर्डात तीस खाटा. कोणी बोलत नव्हतं. आत नळ हळू सोडलेला. केळशीकरने तोंड उघडलं तसा सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तोंड मिटलं.

पाच मिनिटं... दहा...

“न्हाई हुईत वो, सर.” शेवंताबाईंचा आवाज फुटला. “ऱ्हाऊ दे आता. घाला ती नळी. माझ्या नशिबातच...”



सर केळशीकरकडे वळले.

“शू कर.”

“काय?”

“शू कर. तान्ह्या पोरांना करतात तसं.”

“सर... इथे?”

“ऑपरेशन कोणी केलं?”

केळशीकरने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. सुवार्ता सिस्टरकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

“शू,” तो म्हणाला.

“गप्प बसवतोयस का त्यांना? लांब. आईसारखं.”

त्याने डोळे मिटून घेतले.

“शूऽऽऽ...”

वॉर्डात कोणीतरी फिस्सकन हसलं.

“शूऽऽऽ... शूऽऽऽ...”

“आवं डाक्टर, थांबा,” सात नंबरच्या खाटेवरून एक आजी ओरडल्या, “आमची हितंच हुईल की!”

आता कोण आवरणार? तीस खाटा हसू लागल्या. ज्यांना टाके होते त्या पोट धरून हसल्या. सिस्टरने तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलू लागले.

आत एकदम सामसूम.

मग, “कोन हाय त्ये?”

“मी आहे, मावशी,” केळशीकर म्हणाला. “केळशीकर.”

“तुमी? शू शू?”

“हो.”

“आगं आई गं...” आणि आत शेवंताबाईंना हसू फुटलं. “सोन्याचं मेडल वालं डाक्टर... आगं बाई... माझं टाकं तुटत्याल की वो! थांबा, थांबा...”

“थांबू नकोस,” सर म्हणाले. मग त्यांनीही सुरू केलं. शूऽऽऽ. चौसष्ट वर्षांचा माणूस, ज्याच्या नावाने परराज्यातून पेशंट येतात. दोघं दोन स्टुलांवर बसून, दाराकडे तोंड करून, शूऽऽऽ करत होते. मी माझ्या सतरा वर्षांत त्या वॉर्डात इतकं हसू ऐकलं नव्हतं.

आतलं हसू अचानक थांबलं.

सरांनी हात वर केला. सगळा वॉर्ड चूप.

...

आधी तुटक. मग थांबलं. मग परत आलं.

मग धार लागली.

प्लॅस्टिकच्या भांड्यात पडणारी ती धार आम्ही सगळे ऐकत होतो आणि कोणाला श्वास घ्यायची शुद्ध नव्हती. माझं आयुष्य मॉनिटरची टिकटिक ऐकण्यात गेलं आहे. कानाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही.

दार उघडलं. शेवंताबाई दुधाचं भांडं आणावं तसं मापाचं भांडं दोन्ही हातांनी जपून घेऊन आल्या. चेहरा घामाने डबडबलेला.

“मोजा,” त्या म्हणाल्या. “थेंब सांडला न्हाई.”

केळशीकरने भांडं उजेडाकडे धरलं.

“तीनशे दहा.”

“आत किती राहिली ते बघ,” सर म्हणाले.

पडदा ओढला. पाच मिनिटं गेली. सात नंबरच्या आजी आता देवाचं नाव घेत होत्या.

“सत्तर,” पडद्यामागून आवाज आला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, “सर, सत्तर!”

“ऐकलं,” सर म्हणाले. “सुटल्या.”

आजींनी टाळी वाजवली. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. केळशीकर पडद्याबाहेर आला, पिशवी आणि नळी कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली आणि स्टुलावर बसून ओंजळीत तोंड धरून रडला. अगदी मोकळेपणी. बायकांनी शहाणपणाने माना दुसरीकडे वळवल्या.

शेवंताबाई त्याच्यापाशी आल्या.

“झालं की आता. उठा.” त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “आन हेडमास्तरला फोन लावून द्या. मी सोता बोलतो. संक्रांतीला तिळगूळ मीच वाटणार, म्हनावं.”

त्याने फोन लावून दिला.

मी सरांना पेशंटची पुन्हा आठवण केली. आम्ही तिघं जिन्याने वर निघालो. पायऱ्यांवर सर अर्ध्यात थांबले आणि मागे न बघता म्हणाले, “केळशीकर, आज तू माझ्यासमोर उभा राहा. टेबलाच्या डाव्या बाजूला.”

“हो, सर.”

दोन पायऱ्या गेल्या.

“सर, एक विचारू? तुमच्या हातून कधी असं...”

सरांनी कठड्यावर हात ठेवला.

“एक आहेत. जतच्या. पंचवीस वर्षं झाली. दर महिन्याला येतात. नळी मीच बदलतो.”

मला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षांत मी सरांना महिन्यातून एकदा वॉर्डाशेजारच्या खोलीत एकटं जाताना पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं.

“त्यांच्या वेळी,” केळशीकरने हळूच विचारलं, “दाराबाहेर कोण बसलं होतं?”

“सिस्टर.”

“आणि तुम्ही?”

सर एक पायरी चढले... मग आणखी एक.

“मी तेव्हा फार हुशार होतो.”